उसना कंठ आणि स्वतःचे गाणे

ज्या संगीतास 'रॉक' आणि त्याच्याच एका बंडखोर शाखेस 'पंक' असे म्हणतात, त्याविषयी मराठी मासिकांतून गंभीरपणे लिहिण्याची चाल फारशी पडलेली नाही. ख्याल, नाट्यपदे, भावगीते, लावणी ह्यांवर आमच्याकडे टीकालेखांची वाण नाही. परंतु विजेच्या गिटारीचा विषय निघाला की वडील मंडळी खिडक्या लावून घेतात आणि तरुण मंडळी आपल्या खोलीचे दार लावून घेतात. ह्या वादात उभय पक्षांचा विचारविनिमय काय तो एवढाच. वस्तुतः सत्तर वर्षांहून अधिक काळ जगाच्या सर्व खंडांत ज्या संगीताने तरुणांची मने धरून ठेविली आहेत, ते चांगले की वाईट, आणि चांगले असल्यास कोणत्या गुणाने चांगले, ह्याची कसोटी लावून पाहणे हे टीकाकाराचे कर्तव्यच आहे. ते टाळून 'आमच्या कानास हे सोसत नाही' असे म्हणणे म्हणजे न्यायासनावर बसून साक्षीदारास बाहेरच्या बाहेर परत धाडण्यासारखे होय.

ह्या संगीतावर आपल्याकडे तीन आक्षेप सामान्यतः घेतले जातात. पहिला, ते कर्कश आहे. दुसरा, ते परके आहे. तिसरा, ते उच्छृंखल आहे. पैकी पहिल्या आक्षेपास रत्नागिरी जिल्ह्यातील मनुष्याने तरी फार महत्त्व देऊ नये. शिमग्यात पालखी सहाणेवर आली म्हणजे ढोलांचा जो कल्लोळ उठतो, त्यात शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही, आणि ऐकू यावे अशी कोणाची इच्छाही नसते. मोठा नाद हा काही प्रसंगी दोष नसून प्रयोजन असते, हे कोकणास शिकवावयास नको.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. वाद्याचे कूळ शोधावयाचे म्हटल्यास आपल्या किती वाद्यांस घराबाहेर काढावे लागेल? ज्या पेटीवाचून आज आमचे कीर्तन, भजन किंवा नाट्यपद होत नाही ती युरोपातून आली. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिला आपल्या दारातून बाहेर काढले आणि ती बंदी पुढे सुमारे तीस वर्षे टिकली. तरी पेटी गेली नाही, बंदी गेली. बालगंधर्वांच्या पदांमागे जो ऑर्गन वाजत असे तोही विलायतीच, आणि दक्षिणेकडील गायनात ज्यावाचून पान हलत नाही ते व्हायोलिनही विलायतीच. तात्पर्य, वाद्य कोठून आले हा प्रश्न गौण आहे. त्या वाद्याच्या तोंडून कोण बोलतो हा प्रश्न मुख्य होय. आणि आमच्या मते रॉक संगीतावर घेण्याजोगा खरा आक्षेप येथेच दडलेला आहे.

तो समजण्यासाठी ह्या संगीताची थोडी पूर्वपीठिका पाहिली पाहिजे. अमेरिकेतील निग्रो म्हणून हिणविल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या श्रमगीतांतून, प्रार्थनांतून आणि 'ब्लूज' नामक विषादगीतांतून १९५० नंतरच्या काही वर्षांत हा प्रकार आकारास आला. चक बेरी आणि लिटल रिचर्ड ह्यांनी त्यास ठसका दिला. एल्विस प्रेस्लीने तो गोऱ्या घरांतून पोहोचविला. पुढे बीटल्स ह्या लिव्हरपूलच्या चौघांनी त्याचे साम्राज्य केले. परंतु साम्राज्यास जे होते ते ह्यासही झाले. १९७५ च्या सुमारास रॉक हा प्रचंड रंगमंचांचा, लांबलचक वादनांचा आणि श्रीमंत कलावंतांचा व्यवसाय होऊन बसला होता. ज्या मुलाच्या घरी जुनी गिटार आणि हाताशी तीनच स्वरमेळ आहेत, त्यास त्या दरबारात प्रवेश उरला नाही. पंक हे ह्या दरबाराविरुद्धचे बंड होते. न्यू यॉर्कच्या रमोन्स मंडळींची पहिली तबकडी १९७६ साली निघाली. लंडनच्या सेक्स पिस्टल्सनी १९७७ साली राणीच्या रौप्यमहोत्सवाच्या ऐन धामधुमीत राष्ट्रगीताचेच शीर्षक घेऊन त्याची विटंबना करणारे गीत काढले, आणि बी.बी.सी.ने ते वाजविण्यास नकार देताच ते घरोघर पोहोचले.

तथापि पंकचा खरा महिमा ह्या चव्हाट्यावरील प्रसंगात नाही; तो मँचेस्टर शहरातील एका लहानशा सभागृहात आहे. ४ जून १९७६ रोजी तेथे सेक्स पिस्टल्सचे गायन झाले. श्रोते शंभराच्याही आत. पण त्या मूठभर श्रोत्यांतून पुढे इतके गायक-वादक निघाले की संगीताचे इतिहासकार त्या रात्रीकडे तीर्थाप्रमाणे पाहतात. कारण काय? गाणारे फार कुशल होते म्हणून नव्हे; उलट ते फारसे कुशल नव्हते, म्हणून! 'हे जर गाऊ शकतात तर आपणही आपले गाऊ शकू', हा विश्वास घेऊन ती मुले घरी गेली. ज्या बझकॉक्स मंडळींनी हा कार्यक्रम ठरविला होता त्यांनी पुढील जानेवारीत पाचशे पौंड उसने घेऊन आपली तबकडी आपणच काढिली. कंपनीच्या दाराशी ताटकळत बसली नाहीत.

ह्याच ४ जूनला लंडनच्या साउथॉल भागात एका शीख तरुणाचा वर्णद्वेषातून खून झाला, हे आपल्या वाचकांस विशेष सांगितले पाहिजे. त्या काळच्या इंग्लंडात आपल्या देशबांधवांवर असे प्रसंग वरचेवर येत. त्या द्वेषाविरुद्ध रॉक आणि पंक गाणाऱ्या गोऱ्या-काळ्या तरुणांनी चळवळ उभारिली आणि ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात क्लॅश ह्या मंडळींच्या गायनास हजारोंचा समुदाय लोटला. तिसरा, उच्छृंखलतेचा, आक्षेप घेणाऱ्यांनी हा प्रसंग स्मरणात ठेवावा. केस रंगविणारी आणि फाटके कपडे घालणारी ती मुले शेजाऱ्याच्या न्यायासाठी रस्त्यावर आली. नीटनेटक्या पोषाखाचे पुष्कळ सभ्य लोक त्या दिवशी घरीच होते.

येथवरच्या विवेचनातून आमची कसोटी वाचकांच्या ध्यानी आलीच असेल. रॉक-पंकचे मूल्य त्याच्या आवाजात, वेगात किंवा पोषाखात नाही. ज्या क्षणी एखादा तरुण दुसऱ्याचे गाणे हुबेहूब म्हणण्याचे सोडून, हाताशी असतील त्या साधनांनिशी, आपल्या गावाचे आणि आपल्या जन्माचे गाणे रचतो, तो क्षण हेच ह्या संगीताचे सार होय. ही कसोटी घेऊन आता आपण आपल्या मुलखाकडे वळू. रत्नागिरीहून पाहिले असता ह्या इतिहासाची तीन स्थळे आपल्या तीन दिशांस आहेत: ईशान्येस सह्याद्रीपल्याड पाचगणी, उत्तरेस मुंबई आणि दक्षिणेस गोव्यातील शिवोली. 'बँड' हा शब्द मराठीत लग्नाच्या वरातीस चिकटलेला असल्यामुळे आम्ही येथे आपला 'मेळा' हाच शब्द योजितो. गणेशोत्सवातील मेळ्यांनी एके काळी इंग्रज सरकारची झोप उडविली होती. तेव्हा हा शब्द ह्या कामास हलका पडेल असे वाटत नाही.

प्रथम पाचगणी. तेथील सेंट पीटर्स शाळेत झांझिबारहून शिकावयास आलेला फरोख बलसारा नावाचा एक पारशी मुलगा होता. १९५८ च्या सुमारास त्याने चार वर्गबंधूंसह 'हेक्टिक्स' नावाचा मेळा काढिला. तो स्वतः पियानो वाजवी. लिटल रिचर्ड आणि क्लिफ रिचर्ड ह्यांची गाणी ही मुले शाळेच्या समारंभांत म्हणत. पुढे झांझिबारात क्रांती झाली, १९६४ साली बलसारा कुटुंब इंग्लंडास गेले, आणि हाच मुलगा फ्रेडी मर्क्युरी ह्या नावाने 'क्वीन' मंडळींचा गायक झाला. १९७५ साली त्याने रचिलेले 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे जवळजवळ सहा मिनिटांचे गीत, इतके लांब गीत चालावयाचे नाही असा व्यापाऱ्यांचा सल्ला असताही, इंग्लंडात नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले. १३ जुलै १९८५ रोजी आफ्रिकेतील दुष्काळग्रस्तांच्या साहाय्यार्थ वेम्ब्ली येथे झालेल्या समारंभात त्याने अवघ्या वीस-एक मिनिटांत सबंध मैदान आपल्या मुठीत घेतले. त्या दिवसाचे सर्वोत्तम गायन ते हेच, असे आजही मानले जाते. १९९१ साली तो वारला.

आपल्याकडील लेखक ही कथा अभिमानाने सांगतात आणि 'तो आमचाच' असे म्हणतात. अभिमान खुशाल असावा. परंतु कसोटीपुढे तो टिकतो काय? पाचगणीत जे घडले ते अनुकरण होते. निर्मिती झाली ती लंडनात. पाचगणीने त्याला पियानो दिला, मंच दिला, मित्र दिले; परंतु येथील माती त्याच्या गाण्यात उतरली नाही, आणि त्या शाळेच्या भिंतींपलीकडे कृष्णेच्या खोऱ्यात जे गाणे चालले होते त्याचा त्या पियानोस पत्ता नव्हता. हा त्या मुलाचा दोष नव्हे. इंग्रजी शाळेच्या आवारात वाढणाऱ्या कलेची ती सामान्य अवस्था होती, आणि मुंबईतही पुढे तेच घडले.

मुंबईच्या इतिहासात परदेशी पाहुण्यांचे दोन प्रसंग नेहमी सांगितले जातात. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन मुंबईस आला आणि एच.एम.व्ही.च्या ध्वनिमुद्रणालयात त्याने एका चित्रपटाचे संगीत मुद्रित केले. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया ह्यांसारखे वादक त्यात होते. त्याच वेळी मुद्रित झालेल्या वादनावर त्याने पुढे 'दि इनर लाइट' हे गीत बसविले, आणि बीटल्सच्या लहान तबकडीवर स्थान मिळालेले हॅरिसनचे ते पहिले गीत ठरले. १९७२ साली लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट ह्यांनी मुंबईच्या वादकांसह आपली दोन गाणी वाजवून पाहिली. ती मुद्रणे रसिकांस मिळण्यास २०१५ साल उजाडले. प्रसंग मनोरंजक आहेत. परंतु दोहोंतही मुंबईचा वादक भाड्याने आला, वाजवून घरी गेला. पाहुण्याने आपली शोध-बुद्धी बरोबर आणिली होती. यजमानाजवळ कौशल्य होते, पण गाणे पाहुण्याचेच राहिले. आणि खेदाची गोष्ट अशी की, ज्या सुमारास हॅरिसन बासरी आणि संतूर ऐकण्यास समुद्र ओलांडून येत होता, त्याच सुमारास मुंबईची गिटार वाजविणारी मुले त्याच्या गाण्यांच्या नकला तंतोतंत साधण्यात रात्री घालवीत होती.

ह्या नकलांस उत्तेजनही पुष्कळ मिळाले. एका सिगारेट कंपनीने 'सिमला बीट' नावाची अखिल भारतीय स्पर्धा चालविली. तिच्या १९७० आणि १९७१ च्या तबकड्या आजही संग्राहक जपून ठेवितात. कलकत्ता, मद्रास, बंगळूर, शिलाँग येथून मेळे येत. त्या तबकड्यांत काही स्वतंत्र रचनाही आहेत, आणि त्यांतील उत्साह कोणासही नाकारता येणार नाही. परंतु एकंदरीत ऐकताना असे वाटते की, ही मुले उत्तम हस्ताक्षरात दुसऱ्याचे पत्र उतरून काढीत आहेत.

मग असे होते काय की, ह्या वाद्यांवर आपल्या भाषेत गाणे शक्यच नव्हते? कलकत्त्याने त्याचे उत्तर दिले आहे. १९७५ साली गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांचे सहकारी ह्यांनी 'मोहिनेर घोडागुली' हा मेळा काढिला आणि रॉकच्या वाद्यांस बाउलांच्या सुरांची जोड देऊन बंगाली भाषेत आपल्या शहराचे गाणे म्हटले. त्या काळी त्यांस फारसे कोणी विचारले नाही. पुढील पिढीने मात्र त्यांस आद्यस्थान दिले, आणि बंगालीत अशा मेळ्यांची परंपराच निर्माण झाली. मराठीत त्या काळी असा एकही मेळा नाव घेण्याजोगा झाला नाही. ह्याचे कारण मराठी तरुण निस्तेज होता हे नव्हे. मुंबईत गिटार ज्या शाळा-महाविद्यालयांतून आणि जिमखान्यांतून वाजत होती तेथे मराठी बोलणारा क्वचितच जाई. आणि ज्या चाळींतून आणि वस्त्यांतून मराठी तरुण वाढत होता तेथे त्याच्या संतापास निराळी वाट पूर्वीच मिळालेली होती.

ती वाट कोणती? १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर ह्यांनी लाल बावटा कलापथक उभारिले. त्याच्याही आधीपासून आंबेडकरी जलसे गावोगाव फिरत होते. डफ, तुणतुणे, ढोलकी आणि कडकडीत शब्द: साधनांची इतकी काटकसर आणि परिणामाची इतकी धार लंडनच्या पंकवाल्यांसही हेवा वाटावा अशी होती. पुढे १९६० नंतर अशोक शहाणे प्रभृतींनी 'असो'सारखी अनियतकालिके काढिली. प्रतिष्ठित मासिके छापीत नाहीत तर आपणच छापू, हा त्यांचा बाणा आणि पाचशे पौंड उसने घेणाऱ्या बझकॉक्स मंडळींचा बाणा एकच. आणि १९७२ साली, म्हणजे रमोन्सच्या पहिल्या तबकडीच्या चार वर्षे आधी, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला. शिष्ट भाषेचे सर्व पडदे टराटरा फाडून, ज्या वस्तीचे नाव उच्चारणे सभ्य घरांत वर्ज्य होते तिच्याच भाषेत बोलणारी ती कविता ज्याने वाचली असेल, त्यास पंक म्हणजे काय हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. मराठीचे पंक लंडनच्या आधी झाले. फक्त ते गिटारवर न होता कागदावर झाले, असे आम्ही म्हणतो ते ह्याच अर्थाने.

ह्या दोन प्रवाहांमध्ये पूल घालू पाहणारा एक मनुष्य होता, आणि तो कवी होता हे आमच्या मासिकाच्या वाचकांस विशेष वाटेल. अरुण कोलटकर हे नाव मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही काव्यांत सारख्याच आदराने घेतले जाते. त्यांस अमेरिकन ब्लूज आणि बॉब डिलन ह्यांची गोडी होती; ते पखवाज शिकले होते; आणि १९७३ च्या सुमारास त्यांनी स्वतः इंग्रजी गाणी रचून, चाली बांधून, मित्रांच्या साहाय्याने त्यांची मुद्रणे करून पाहिली. ती बाजारात आली नाहीत. गायक होण्याचा तो बेत तेथेच राहिला आणि १९७६ साली 'जेजुरी' प्रसिद्ध होऊन ते जगास कवी म्हणून ठाऊक झाले. कविता मिळाली ह्याचा आनंद मानावाच. तथापि ज्याच्या कानात तुकारामही होता आणि डिलनही, अशा मनुष्याचे गाणे मराठीतून, विजेच्या गिटारीसह, लोकांपुढे आले असते तर पुढील पन्नास वर्षांचा इतिहास निराळा झाला असता, असे आम्हांस राहून राहून वाटते. ह्या इतिहासातील सर्वांत मोठी हुकलेली संधी आम्ही हीच समजतो.

आता दक्षिणेकडे वळू. पंकच्या लाटेतून वर आलेला पोलीस हा इंग्रजी मेळा १९८० साली मुंबईस आला होता. त्यांस आणणारी संस्था होती टाइम अँड टॅलेंट्स क्लब, म्हणजे धर्मादाय कार्य करणाऱ्या सुखवस्तू स्त्रियांचे मंडळ! लंडनच्या गल्लीतील बंड मुंबईत अशा रीतीने चहाच्या पेल्यांसह आले, आणि तसेच गेले. परंतु पंकचे तत्त्व, म्हणजे आपले गाणे आपणच रचावे, आपणच मुद्रित करावे आणि आपणच वाटावे, हे आपल्या किनाऱ्यावर खऱ्या अर्थाने आचरिले ते रेमो फर्नांडिस ह्यांनी. गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत स्थापत्य शिकलेल्या ह्या तरुणास मुंबईच्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी दाद दिली नाही. तेव्हा त्यांनी शिवोली येथील आपल्या घरातच एका लहानशा यंत्रावर, बहुतेक सर्व वाद्ये स्वतः वाजवून, 'गोवन क्रेझी' ही ध्वनिफीत १९८४ साली तयार केली आणि दुचाकीवरून दुकानोदुकानी नेऊन विकली.

आमच्या मते पश्चिम किनाऱ्यावरील रॉकच्या इतिहासातील खरा स्मरणीय क्षण हा होय. भाषा बहुतांशी इंग्रजी असली तरी गाणे गोव्याचे होते: तेथील माणसे, तेथील आळस, तेथील राजकारण, तेथील जुनी लोकगीते. राजीव गांधी पंतप्रधान असता गोव्यात आले तेव्हा रेमो ह्यांनी त्यांस उद्देशून रचिलेले गीत त्यांच्या समोरच म्हटले, आणि त्यात गोव्याच्या तक्रारी स्पष्टपणे ऐकविल्या. अधिकारीवर्ग चिडला, ज्यास ऐकविले त्या पंतप्रधानांनी मात्र कौतुकच केले. दरबारात उभे राहून राजास खरे ऐकविणारा शाहीर आपल्या परंपरेस अपरिचित नाही. रेमोंच्या हातात डफाऐवजी गिटार होती एवढाच फरक. येथे परके वाद्य आपल्या मातीत रुजले. कारण ज्याने ते हाती घेतले त्याजजवळ सांगण्यासारखे स्वतःचे काही होते.

मुंबईसही ही जाणीव हळूहळू झाली. १९८४ साली स्थापन झालेल्या 'रॉक मशीन' ह्या मेळ्यात महेश तिनईकर, उदय बेनेगल इत्यादी मंडळी होती. परक्यांची गाणी म्हणून त्यांनी नाव मिळविले. परंतु १९८८ साली त्यांनी सबंध स्वतंत्र रचनांची तबकडी काढिली, आणि श्रोत्यांस ओळखीची गाणी हवी असताना आपली गाणी म्हणण्याचा धोका पत्करिला. १९९३ साली त्यांनी आपले नाव बदलून 'इंडस क्रीड' असे ठेविले. नावातील यंत्र जाऊन सिंधू आली. आणि तबला-सतारीच्या छटाही गाण्यांत येऊ लागल्या. हे स्थित्यंतर प्रामाणिक होते असे आम्ही मानतो. परंतु भाषा इंग्रजीच राहिली. बेनेगल, तिनईकर ही आडनावे कारवार-बेळगावपासून कोकणापर्यंतच्या घरांत आढळणारी. पण त्या घरांतील आजीस कळेल असा एक शब्दही त्या गाण्यांत नाही. ह्या मेळ्याचे कौशल्य वादातीत होते, आणि तरीही १९९७ साली तो विखुरला तेव्हा मुंबईच्या एका लहान वर्तुळाबाहेर त्याची हळहळ फारशी कोणास वाटली नाही. त्याचे कारण ह्याहून दूर शोधावयास नको. २०१० साली ही मंडळी पुन्हा एकत्र आली, तेव्हा त्यांस ऐकावयास आले ते बहुतेक जुने चाहतेच.

त्या वर्तुळाचे घर म्हणजे धोबी तलावाजवळील रंगभवन. १९७८ साली जॅझ यात्रेचा उत्सव तेथे सुरू झाला. १९८६ पासून स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास भरणारा 'इंडिपेंडन्स रॉक' हा मेळ्यांचा मेळावाही पुष्कळ वर्षे तेथेच होत असे. पावसात भिजत, थोड्या पैशांत, उभ्याने गाणी ऐकणारी ती मुले हीच ह्या संगीताची खरी मिळकत होती. पुढे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले; रुग्णालये, शाळा आणि न्यायालये ह्यांभोवतीचे शंभर मीटर शांतता-क्षेत्र ठरले; आणि शाळा-रुग्णालयांच्या सान्निध्यात असलेल्या रंगभवनातील मैफली काही वर्षांतच बंद पडल्या. रुग्णास झोप हवी हे कोणीही मान्य करील. परंतु नगराने एक स्वस्त मंच बंद करताना दुसरा उघडून दिला नाही, आणि गाणे हॉटेलांच्या महाग सभागृहांत गेले. जे संगीत गरीब मुलाच्या हाती असावे म्हणून जन्मास आले ते प्रवेशमूल्य देऊ शकणाऱ्यांचे झाले. १९७५ साली लंडनात जे झाले होते तेच हे. कलेची गळचेपी केवळ राजद्रोहाच्या कलमाने होते असे नाही. जागेच्या भाड्यानेही होते.

अलीकडील दोन प्रयत्नांचा उल्लेख करून हे समालोचन आवरतो. मुंबईच्या 'रायट पेडलर्स' ह्या त्रिकुटाने २०१० नंतरच्या दशकात सरकार आणि समाज ह्यांवर उपरोधाचे आसूड ओढणारे शुद्ध पंक म्हटले. धार आहे, पण माध्यम पुन्हा इंग्रजी. दुसरीकडे 'अभंग रिपोस्ट' ह्या मुंबईच्याच मराठी तरुणांनी गिटार आणि संतांचे अभंग ह्यांची सांगड घातली आहे. ह्यांचे गाणे ऐकून महाविद्यालयातील मुले तुकोबांच्या ओळी तोंडपाठ म्हणतात, ही सामान्य गोष्ट नव्हे. तुकोबांची वाणी कडाडणाऱ्या वाद्यांस शोभते, कारण ती मुळातच कडाडणारी आहे. तथापि रसिक म्हणून आनंद मानूनही टीकाकार म्हणून एक गोष्ट बोलणे भाग आहे. पूर्वीच्या मुलांनी चालही उसनी घेतली आणि शब्दही. ह्या मुलांची चाल स्वतःची आहे, पण शब्द सतराव्या शतकाचे आहेत. तुकोबांनी आपल्या काळाच्या दांभिकांस आपल्या काळाच्या भाषेत फटकाविले. त्यांचा खरा वारसा चालविणारा तोच, जो आजच्या दांभिकांस आजच्या मराठीत फटकावील. अभंगाचा आधार घेऊन उभे राहणे ठीक. पण पाय बळकट झाल्यावर आधार सोडून चालले पाहिजे.

हे अशक्य आहे काय? ज्यांस अशक्य वाटते त्यांनी भाद्रपदात आमच्या जिल्ह्यातील एखाद्या वाडीत जाऊन जाखडी पाहावी. मध्ये ढोलकी, झांज आणि गायक. भोवती पायांत चाळ बांधून फेर धरणारी पोरे, त्यांतील पुष्कळशी मुंबईच्या कारखान्यांतून आणि कचेऱ्यांतून चार दिवसांच्या रजेवर आलेली. शक्तीवाला सवाल टाकतो, तुरेवाला जवाब देतो, आणि प्रतिपक्षाची खोड मोडण्यासाठी नव्या गोष्टींवर नवे कवन रचतो. जुन्या पुराणकथेबरोबर गावचा रस्ता, निवडणूक, महागाई, मुंबईची खोली हे सर्व त्या कवनांत येते. वाद्ये थोडी, शिक्षण थोडे, पैसा नाही. पण गाणे स्वतःचे. जे मँचेस्टरच्या मुलांस १९७६ साली एका रात्रीत उमगले, ते आमच्या कुणब्यांच्या पोरांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सुशिक्षितांनी ह्या गाण्यास 'बाल्यांचा नाच' म्हणून हसण्यावारी नेले, आणि गिटारीस 'गोंगाट' म्हणून दाराबाहेर ठेविले. दोन्ही वेळा कान बंद ठेवण्याचे कारण एकच होते: जे आपल्या बैठकीतले नाही ते संगीतच नव्हे, हा ग्रह.

आमचे काही मित्र म्हणतील की, संगीतास भाषेचे बंधन कशास? सूर सर्व जगाचा आहे. ते खरे आहे, पण गाणे म्हणजे केवळ सूर नव्हे. ज्या संगीताने 'मी कोण, कोठचा आणि माझ्यावर काय गुदरले' हे सांगण्याचा विडा उचलला आहे, त्याने आपल्या बोलीस लाजणे म्हणजे आपल्या प्रयोजनासच लाजणे होय. बंगाल्याने हे ओळखले, गोव्याने हे ओळखले. मुंबईस आणि आम्हां मराठी बोलणाऱ्यांस ते अजून पुरते ओळखावयाचे आहे. दोष एकट्या गाणाऱ्यांचा नाही. ज्या घरात मुलाने गिटार हाती घेताच त्याची संभावना 'साहेबाचे सोंग' अशी होते, तेथे तो मुलगा खोलीचे दार लावून साहेबाचेच गाणे म्हणणार, आपले घरास ऐकविणार नाही. वडील मंडळींनी एवढेच करावे की, ते दार उघडून त्यास विचारावे: 'हे दुसऱ्याचे झाले; तुझे काय आहे ते म्हण.' पहिले गाणे बहुधा वाईटच निघेल. मँचेस्टरच्या त्या रात्रीचेही वाईटच होते. परंतु उसन्या कंठाच्या शंभर निर्दोष गाण्यांहून आपल्या कंठाचे एक सदोष गाणे साहित्यास आणि संगीतास अधिक उपकारक असते, आणि ते ऐकण्याची तयारी ज्या समाजात नाही त्यास पुढे चांगले गाणेही लाभत नाही.